‘चालत जा’ एवढ्यानं भागत नाही: कॅन्सरच्या उपचारांनंतरचा व्यायाम

खानापूर तालुक्यातल्या एका खेड्यातून एका मुलानं विचारलंय. आई ५४ वर्षांची. डाव्या स्तनाचा कॅन्सर. ऑपरेशनमध्ये काखेतल्या गाठीही काढल्या, नंतर केमो झाली, मग रेडिएशन. तेही संपून दोन महिने झाले. आता रोग उलटू नये म्हणून रोज लेट्रोझोलची एक गोळी. शेवटच्या तपासणीला डॉक्टर म्हणाले, “हलका व्यायाम करा, चालत जा,” आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं. घरी मात्र वडील आईला कॉटवरून उतरू देत नाहीत, काकू हातातली कळशी काढून घेतात. दिवसभर बसूनही ती दमलेलीच असते. व्यायामानं रक्त जोरात फिरतं आणि रोग अंगभर पसरतो, असं गावात कुणीतरी डोक्यात भरवून दिलंय. हात सुजेल ही भीती वेगळीच. तर करायचं काय, किती, आणि डॉक्टरांनी नीट का सांगितलं नाही?

मी बेळगावात फिजिओथेरपिस्ट आहे. माझ्याकडे खानापूर, निपाणी, चिकोडी, हुक्केरी या सगळ्या बाजूंनी कॅन्सरचे उपचार संपवलेली माणसं येतात. कुणाचं ऑपरेशन इथंच झालेलं असतं, कुणाचं मिरजेला, कुणाचं हुबळीला, कुणी थेट मुंबईला टाटाला जाऊन आलेलं असतं. घरी परतल्यावरची तऱ्हा मात्र बहुतेक ठिकाणी एकच. माणूस वाचलं म्हणून घरचे त्याला इतकं जपतात, की उपचारांनी गेली नसेल तेवढी ताकद त्या जपण्यानं जाते. तुमच्या वडिलांना मी दोष देत नाही. बायको मरणाच्या दारातून परत आलीय, तिच्या हातात कळशी बघवत नाही, हे समजू शकतं. पण ते थांबवावं लागेल.

रोग पसरण्याचं आधी निकालात काढू. रक्त जिना चढतानाही जोरात फिरतं, ताप आला तरी फिरतं, सुनेवर चिडलं तरी फिरतं. व्यायामानं कॅन्सर पसरतो असं दाखवणारा पुरावा नाही. उलट्या बाजूचा पुरावा मात्र आहे, त्याकडे येतेच.

त्याआधी थकव्याचं. हा थकवा शेतात राबून आलेल्या थकव्यासारखा नसतो. तो झोपून जात नाही. म्हणून आधी एकदा हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासून घ्या, झोप नीट लागते का विचारा, मन फार खचलंय का तेही बघा. यातलं काही निघालं तर त्यावर उपाय आहेत. काहीच निघालं नाही, तर या थकव्यावर सगळ्यात खात्रीचा उपाय व्यायामच आहे. ऐकायला उलटं वाटतं, पण अंथरुणावर पडून राहिलेल्या माणसाचे स्नायू भराभर वितळतात, मग परड्यापर्यंत जायलाही दम लागतो, दम लागला म्हणून माणूस आणखी पडून राहतं. हे चक्र कुठंतरी तोडावं लागतं. २०१८ साली वेगवेगळ्या देशांतले तज्ज्ञ अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनच्या पुढाकारानं एकत्र बसले आणि तोवरचा सगळा अभ्यास चाळून पुढच्या वर्षी त्यांनी मात्रा ठरवून दिली: दम लागेल असा व्यायाम आठवड्यातून तीनदा, प्रत्येक वेळी ३० मिनिटं, आणि ताकदीचा व्यायाम आठवड्यातून दोनदा. एवढ्यावर थकवा, चिंता, उदासी कमी होते, हातापायांची कामं जमू लागतात. दोन-तीन महिने सलग करावं लागतं. आठ दिवसांत ‘काय फरक पडेना’ म्हणून सोडणारेच जास्त.

आता डॉक्टरांनी नीट का सांगितलं नाही हा प्रश्न. ओपीडीत एका सकाळी किती माणसं बसलेली असतात ते तुम्ही बघितलंय. रिपोर्ट बघणं, गोळी चालू आहे का विचारणं, पुढची तारीख देणं यातच वेळ सरतो. शिवाय बऱ्याच डॉक्टरांना स्वतःलाच हे कुणी शिकवलेलं नाही. केमोची मात्रा मिलिग्रॅममध्ये लिहितात आणि व्यायामाची मात्रा ‘हलका’ म्हणून तोंडी सांगतात. हलका म्हणजे केवढा? तुमच्या आईनं भात लावणीत कंबर वाकवून अख्खा दिवस काढलेला आहे, तिचा हलका आणि टिळकवाडीतल्या पेन्शनर काकांचा हलका एक कसा असेल?

पण डॉक्टरांच्या त्या एका वाक्याला किंमत आहे, हेही सांगते. कॅनडात २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत स्तनाच्या कॅन्सरच्या ४५० बायका होत्या. कॅन्सरच्या डॉक्टरांनी स्वतः तोंडानं ‘व्यायाम करा’ म्हटलं, एवढ्यानंसुद्धा त्या बायकांचा व्यायाम न सांगितलेल्यांपेक्षा वाढला. आपल्याकडे तर डॉक्टरांचा शब्द त्याहून मोठा. मी तासभर समजावलेलं जिथं सासूबाई उडवून लावतात, तिथं डॉक्टरांनी फाईलवर दोन ओळी लिहिल्या की घर मुकाट्यानं ऐकतं. म्हणून पुढच्या तपासणीला जाल तेव्हा डॉक्टरांना फाईलवरच लिहून द्यायला सांगा: रोज किती मिनिटं चालायचं, किती वजन उचलायचं, काय टाळायचं. गोळ्यांच्या खालीच लिहू दे. तो कागद वडिलांना दाखवा. आमच्याकडची अडचण अशी, की कार्ड इंग्रजीत, नर्सबाई कानडीत सांगणार आणि आईला दोन्ही पुरतं उमगत नाही. तेव्हा तिथंच, बाहेर बाकावर बसून, तुम्ही ते मराठीत लिहून काढा.

एक वाक्य पुरतं मात्र सुरुवातीलाच. पुढं काय लागतं ते २०२५ च्या जूनमध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘चॅलेंज’ नावाच्या चाचणीनं दाखवलं. ही चाचणी मोठ्या आतड्याच्या कॅन्सरची, तुमच्या आईच्या रोगाची नव्हे, हे आधीच सांगते. मुख्यतः कॅनडा आणि ऑस्ट्रेलियातले ८८९ पेशंट. सगळ्यांचं ऑपरेशन आणि केमो झालेली. निम्म्यांना आहार-व्यायामाची माहितीपुस्तिका दिली. उरलेल्यांना तीन वर्षं एक प्रशिक्षित माणूस जोडून दिला. पहिले सहा महिने दर पंधरवड्याला भेट, नंतर हळूहळू महिन्यातून एकदा. व्यायाम कुठला करायचा ते पेशंटनंच ठरवायचं. बहुतेकांना आठवड्यातून तीन-चार वेळा पाऊण ते एक तास झपझप चाललं तरी पुरत होतं. पाच वर्षांनंतर रोग न उलटता जगत असलेले व्यायामाच्या गटात ८०.३ टक्के, पुस्तिकेच्या गटात ७३.९ टक्के. आठ वर्षांनंतर हयात असलेले ९०.३ टक्के आणि ८३.२ टक्के. एखाद्या नव्या औषधानं एवढा फरक पाडला असता तर त्याची किंमत ऐकून आपल्याला घाम फुटला असता. सांधे-स्नायूंच्या तक्रारी व्यायामाच्या गटात थोड्या जास्त होत्या, १८.५ टक्के विरुद्ध ११.५, तेही लपवायला नको.

यात माझ्या मते खरी गंमत पुस्तिकेची आहे. व्यायाम चांगला, हे दोन्ही गटांना सांगितलेलं होतं. फरक विचारपूस करणाऱ्या माणसाचा होता. ‘गेल्या आठवड्यात किती चाललात? गुरुवारी का नाही? बरं, पाऊस होता तर मग घरातल्या सोप्यात का नाही?’ असं तीन वर्षं कुणीतरी विचारत राहिलं. आपल्याकडे असा माणूस दवाखाना देणार नाही. तो घरात नेमावा लागेल. आणि तो तुम्ही नका होऊ, तुम्ही कामासाठी दिवसभर बाहेर असणार. शेजारची एखादी बाई, नात, गावातली आशा कार्यकर्ती चालेल. माझ्या पाहण्यात सगळ्यात उत्तम काम नाती करतात. आजीला सवलत देत नाहीत.

स्तनाच्या आणि बाकीच्या कॅन्सरमध्ये आयुष्य वाढतं का? फिरत्या-राबत्या बायकांमध्ये रोग उलटण्याचं प्रमाण कमी दिसलं आहे, पण ते बाहेरून निरीक्षण करून काढलेलं अनुमान आहे. ‘चॅलेंज’सारखी पक्की चाचणी आतड्याच्या कॅन्सरपुरतीच. त्यामुळे व्यायाम केला की रोग उलटणारच नाही, असं आईला सांगू नका. अंगात बळ येईल, दमणूक कमी होईल, सांधे मोकळे होतील, एवढं छातीठोकपणे सांगता येतं आणि तेवढं पुरेसं आहे.

आता सुरुवात. सकाळी न्याहारीनंतर दहा मिनिटं आणि संध्याकाळी उन्हं उतरल्यावर दहा मिनिटं. सपाट वाट हवी, गावातला डांबरी रस्ता चालेल, पाणंद नको. वेग असा, की बोलता यावं पण गाणं म्हणता येऊ नये. अभंग सलग म्हणता आला तर चाल मंद आहे, दोन शब्दांनंतर श्वास तुटला तर जास्त झालं. दर आठवड्याला प्रत्येक फेरी दोन-तीन मिनिटांनी वाढवा. सहा-सात आठवड्यांत अर्ध्या तासाची एक सलग फेरी जमायला हवी. जमली की आठवड्याला दीडशे मिनिटांपर्यंत न्या. एखादा दिवस वाईट गेला तर पाच मिनिटं चाला, पण शून्य नको. कालनिर्णय भिंतीवर असेलच, त्याच्या चौकोनात रोज मिनिटं लिहा. डॉक्टरांकडे जाताना तेच पान काढून न्या.

तुमच्या बाजूला जून ते सप्टेंबर पाऊस म्हणजे काय असतो ते मला सांगायला नको. जांबोटी-कणकुंबीकडच्या पेशंटला मी ‘बाहेर चाला’ म्हटलं तर ती माझ्याकडे बघून हसते. चार महिने सोपा आणि पडवी धरून फेऱ्या घालायच्या. बेळगावात राहणाऱ्यांचं सोपं आहे, सकाळी व्हॅक्सिन डेपोच्या झाडीत गेलं तर सोबतही मिळते. तपासणीला बेळगावला येताच ना? कर्नाटकात बायकांना सरकारी बसचा प्रवास जून २०२३ पासून फुकट आहे, तर मधल्या एका स्टॉपवर आधी उतरून उरलेलं चालत जा. निम्मा व्यायाम तिथंच होतो.

नुसतं चालून मात्र ताकद येत नाही. इथं सगळे कमी पडतात, डॉक्टरसुद्धा. ‘चाला’ म्हणतात आणि थांबतात. आईला खुर्चीवर बसवा, हात छातीवर, आणि हातांचा आधार न घेता उठायला सांगा. आठ ते दहा वेळा, मग जरा विसावा, मग पुन्हा तेवढंच. पहिल्या दिवशी तीनदाच जमलं तरी हरकत नाही. मग भिंतीला हात टेकवून, भिंतीवर उभ्यानं जोर. मग जिन्याची किंवा उंबऱ्याची एक पायरी चढ-उतर. टाचा वर उचलून खाली, ओट्याला धरून. हे आठवड्यातून दोन दिवस, मध्ये निदान एक दिवस मोकळा सोडून. दहा सहज होऊ लागले की बारा, मग पंधरा, मग हातात थोडं वजन.

वजन म्हटलं की हात सुजण्याचा प्रश्न येतो, आणि इथं मी जरा सविस्तर सांगते, कारण याबद्दलची भीती सगळ्यात जुनी आहे. काखेतल्या गाठी काढल्यावर आणि तिथं रेडिएशन दिल्यावर हातातला लसीकेचा, म्हणजे पेशींभोवतीच्या पाण्यासारख्या द्रवाचा, प्रवाह अडतो, काही बायकांचा हात सुजतो. त्यामुळे अनेक वर्षं ऑपरेशननंतर ‘त्या हातानं काही उचलू नका, लहान पोरसुद्धा घेऊ नका’ असं सांगायचे. अजूनही काही जण सांगतात. अमेरिकेत याची नीट परीक्षा झाली. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत हात आधीच सुजलेल्या १४१ बायकांपैकी निम्म्यांनी आठवड्यातून दोनदा, देखरेखीखाली, हळूहळू वाढवत वजन उचललं. हाताची सूज दोन्ही गटांत सारखीच राहिली. सूज मध्येच भडकण्याचे प्रसंग वजन उचलणाऱ्यांमध्ये निम्म्यानं कमी, १४ टक्के विरुद्ध २९ टक्के. सूज नसलेल्या १५४ बायकांवरही पुढच्या वर्षी तेच करून बघितलं. वजन उचलल्यानं सूज येण्याचं प्रमाण वाढलं नाही.

यातला ‘हळूहळू’ हा शब्द सोडू नका. अगदी कमी वजनापासून सुरुवात. अर्ध्या लिटरची पाण्याची बाटली म्हणजे अर्धा किलो, तेवढ्यानं आरंभ करा. दोन-तीन वेळा करून हाताला काही झालं नाही, तर पाव किलोनं वाढवा. आठवडाभर सुट्टी पडली तर पुन्हा खालून सुरू. बघा, एक वर्ष हात हलवला नाही आणि एके दिवशी घाईत भरलेली कळशी उचलली, तर हात दुखणारच. मग सगळे म्हणणार, ‘बघ, सांगत होतो की नाही.’ कळशीचा दोष नाही, मधल्या वर्षाचा दोष आहे. ज्यांना सूज आधीपासून आहे त्यांनी मापाची दाबपट्टी, म्हणजे हाताला घालायचा घट्ट बाही-मोजा, व्यायामाच्या वेळी घालायचा. तुमच्या आईला सूज नसेल तर तो लागणार नाही.

सूज येते आहे हे ओळखायचं कसं? दर पंधरा दिवसांनी शिंप्याची टेप घ्या. कोपराच्या चार बोटं वर आणि चार बोटं खाली, दोन्ही हातांची मापं घ्या, कालनिर्णयवरच लिहा. बोटं नेहमी एकाचीच, म्हणजे माप बदलणार नाही. डावा हात उजव्यापेक्षा दोन सेंटीमीटरहून जास्त भरू लागला, किंवा हात जड, ताठ, अंगठी घट्ट वाटू लागली, तर लगेच फिजिओथेरपिस्टकडे. बायका हे टेपच्या आधी बांगड्यांवरून ओळखतात, बांगडी मनगटावरून वर सरकेना झाली की समजायचं. पण घट्ट बांगड्या त्या हातात ठेवू नका. आणि खरं जपायचं ते जखमांपासून: विळी, खुरपं, काटे, चुलीचा चटका. लावणीच्या चिखलात उतरायचं झालंच तर रबरी हातमोजा घाला. त्या हातावर अचानक लाली, गरमपणा आणि ताप आला तर त्याच दिवशी दवाखाना. उद्यावर टाकायचं काम नाही ते.

खांदाही तपासा. भिंतीकडे तोंड करून उभं करा, डाव्या हाताची बोटं मुंगीसारखी भिंतीवर वर चढवत न्यायला सांगा, जिथं अडेल तिथं पेन्सिलीनं खूण करा. रोज दोनदा पाच-पाच वेळा, आणि आठवड्यानं नवी खूण. रेडिएशननंतर छातीची कातडी आणि स्नायू आकसत राहतात, काही महिने. म्हणून आज हात वर जातो म्हणून हा व्यायाम बंद करायचा नाही. केस विंचरणं, अंबाडा घालणं, पाठीमागची गाठ बांधणं ही कामं तिनं त्याच हातानं करावीत, सुनेनं करून देऊ नयेत.

लेट्रोझोलबद्दल दोन गोष्टी. या गोळीनं बऱ्याच बायकांची बोटं, गुडघे, मनगटं सकाळी ताठरतात, दुखतात. दुखतंय म्हणून बायका गुपचूप गोळी सोडतात, आणि ते फार महागात पडू शकतं. व्यायामानं ही दुखी कमी होते. सकाळी उठल्यावर कोमट पाण्यात बोटं उघड-मीट केली की दिवसाची सुरुवात सोपी जाते. दुसरं, ही गोळी हाडं ठिसूळ करते, म्हणून हाडांची घनता मोजायची तपासणी झाली आहे का विचारा. पायांवर अंगाचा भार घेत चालणं आणि वजनाचा व्यायाम हाडांसाठीही कामाला येतो. केमोत लाल रंगाचं सलाईन दिलं असेल, किंवा ट्रॅस्टुझुमॅबची इंजेक्शनं झाली असतील, तर ही औषधं हृदयाला त्रास देऊ शकतात, म्हणून हृदयाचा इको शेवटचा कधी झाला तेही विचारा. चालायला अडचण नसते, पण चढाच्या वाटेनं दमसास वाढवण्याआधी ते बघून घ्यावं. आणि केमोनंतर तळपाय बधिर असतील तर अनवाणी नको, मागून पट्टा असलेली चप्पल. बधिर पायाला काटा टोचलेला कळत नाही.

घरकाम म्हणजे व्यायामच की, असं तुम्ही मनात म्हणत असाल. काही अंशी. विहिरीचं पाणी ओढणं, भांगलण, झाडलोट यात दम लागतो, त्याची मिनिटं खुशाल मोजा. पण चुलीपुढं तीन तास बसून भाकऱ्या थापल्या तर पाठ दुखते, दम वाढत नाही. शिवाय कामाला मोजमाप नसतं. दमलं तरी मळणी अर्ध्यावर सोडता येत नाही. म्हणून निदान पहिले तीन महिने व्यायाम वेगळा आणि मोजून. पोटात काही नसताना करायचा नाही. अंडं, उसळ, डाळ, शेंगदाणे रोज पोटात जाऊ देत. ‘पथ्य’ म्हणून सगळं बंद करून नुसत्या पेजेवर ठेवलेल्या माणसाचा व्यायाम स्नायूच खातो.

हे वाचणाऱ्यांत इतर रोगांचेही असतील, म्हणून थोडं. निपाणी-चिकोडीकडून माझ्याकडे तोंडाच्या कॅन्सरचे पुरुष जास्त येतात, आणि मिश्री लावणाऱ्या बायकाही. तंबाखूचा मुलूख आहे, नवल नाही. त्यांचं मानेचं ऑपरेशन झालेलं असतं, खांदा एका बाजूला खाली पडलेला असतो, हात डोक्यापर्यंत जात नाही. त्यांना चालण्याबरोबर खांद्याच्या फऱ्याचे ताकदीचे व्यायाम हवेत, ते फिजिओथेरपिस्टकडूनच शिकून घ्यावेत. आणि जबडा: रेडिएशननंतर तोंड उघडणं दर महिन्याला कमी होत जातं. आईस्क्रीमच्या काड्या एकावर एक रचून दातांमध्ये धरायच्या, जेवढ्या मावतील तेवढ्या, अर्धा मिनिट ताण, दिवसातून चार-पाच वेळा, आणि काड्यांची संख्या लिहून ठेवायची. गेल्या आठवड्यात बारा मावत होत्या आणि आता दहाच, तर डॉक्टरांना दाखवायचं. हे कंटाळवाणं आहे. न केलं तर भाकरीचा तुकडाही आत जात नाही. तंबाखू पुन्हा सुरू झाली असेल तर मी व्यायामाचं बोलतच नाही, आधी ते.

शौचासाठी किंवा लघवीसाठी पोटावर पिशवी असलेल्यांनी श्वास कोंडून जड उचलू नये, पोटाचा पट्टा लावावा. कॅन्सर हाडात पोचला असेल तर वाकणं, पिळणं, जड ओझं बंद. चालणं बहुधा चालतं, पण ते डॉक्टरांना विचारूनच. केमो चालू असलेल्यांनी सलाईननंतरचे दोन-तीन दिवस घरातल्या घरात पाच मिनिटांच्या फेऱ्यांवर भागवावं. प्लेटलेट ५०,००० च्या खाली असतील तर वजन आणि जोर नको, २०,००० च्या खाली असतील तर फक्त उठणं-बसणं आणि घरातल्या घरात फिरणं. तालमीत घुमलेले काही जण केमोतही बैठका मारू बघतात. एक पैलवान मला म्हणाला, “मॅडम, दोनशेच मारूलालोय.” त्याच्या प्लेटलेट बघून त्याच्या आईला फोन करावा लागला.

थांबायचं कधी, तेही कालनिर्णयच्या त्याच पानावर लिहून ठेवा. छातीत दुखणं, चक्कर, धडधड न थांबणं, एका पायाच्या पोटरीला अचानक सूज आणि दुखणं: व्यायाम बंद, डॉक्टर. केमो चालू असताना ताप १००.४ फॅरनहाइटच्या वर गेला तर रात्र असली तरी दवाखाना. पाठीत नवं दुखणं, त्याबरोबर पायात कमजोरी किंवा लघवी अडणं, हे तर तासांत दाखवायचं. मणक्यावर दाब आला असेल तर एका दिवसाचाही उशीर पाय घालवतो.

शेवटी तुम्ही विचारलंय, आई कार्तिकीला गावच्या दिंडीबरोबर पंढरपूरला चालत जायचं म्हणते, वडील ऐकून हादरलेत. तिची इच्छा मला फार कामाची वाटते, ती मोडू नका. या वर्षी पूर्ण वाट नको. सलग अर्धा तास चालून दुसऱ्या दिवशी नेहमीपेक्षा जास्त थकवा येत नाही, असं महिनाभर दिसलं, तर दिंडीच्या पहिल्या मुक्कामापर्यंत तिला जाऊ द्या, तेही तुकड्या-तुकड्यानं, मधलं अंतर गाडीत बसून. पिशवी उजव्या खांद्यावर, पायात सवयीची चप्पल, डाव्या हाताला टेपचं माप घेऊन निघायचं आणि परतल्यावर पुन्हा घ्यायचं. लेट्रोझोलच्या गोळ्या बरोबर. वडिलांना घरी ठेवू नका, त्यांनाही चालायला लावा. पुढच्या वर्षी किती चालायचं ते मग आठ-नऊ महिन्यांची पानं समोर ठेवून डॉक्टर आणि आई ठरवतील.